ऐकणं आणि ऐकून घेणं

बी.ए.च्या राज्यशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरून येतो. कधी ‘गांधीवादाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा’ म्हणून, कधी नुसतंच ‘टीप लिहा : गांधीवाद’ म्हणून. उत्तर ठरलेलं आहे. सत्य, अहिंसा, सत्याग्रह, विश्वस्ताची कल्पना, ग्रामस्वराज्य. प्रत्येकी चार-पाच ओळी आणि शेवटी समारोप. मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या आमच्या सावली भागातली मुलंही हेच उत्तर लिहितात आणि बरे गुण मिळवतात. पण गांधीवाद नावाची काही चीज नाही, आपल्यामागे कुठलाही पंथ ठेवायची आपली इच्छा नाही, असं खुद्द गांधीजी ज्या गावात बोलले, ते गाव सावलीच.

गांधी सेवा संघाचं दुसरं वार्षिक अधिवेशन फेब्रुवारी १९३६च्या अखेरीस इथे सुरू झालं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडावं लागलं. सावली हे खादीचं केंद्र होतं. संघाचे अध्यक्ष होते किशोरलाल मश्रूवाला. गांधीजी सेगावात राहायला गेले ते त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर, म्हणजे सावलीनंतर दोनेक महिन्यांनी. इथे जमलेले लोक त्यांचे अगदी जवळचे, त्यांच्या नावाने आयुष्य वाहून घेतलेले. त्यांच्यासमोर त्यांनी सांगितलं, की माझ्याकडे जगाला शिकवायला नवीन काही नाही. सत्य आणि अहिंसा डोंगरांइतक्या जुन्या आहेत. मी फक्त त्यांचे प्रयोग करून पाहिले. पुढे असंही, की मी आज काढलेले निष्कर्ष अंतिम नाहीत, उद्या ते मी बदलेनही.

हे आपल्यापर्यंत पोचलं ते कुणीतरी बसून लिहून घेतलं म्हणून. महादेव देसाई तिथे होते. त्यांचा वृत्तान्त ‘हरिजन’ साप्ताहिकात मार्च १९३६मध्ये आला. संघानेही अधिवेशनाचं हिंदी विवरण वेगळं काढलं. म्हणजे ‘माझी मतं पक्की धरू नका’ हा निरोप पक्का होऊन आला तो टिपणामुळे. आणि टिपणांवरून टिपणं होत होत नव्वद वर्षांत त्याच माणसाचा ‘वाद’ झाला, पाच मुद्द्यांचा, समारोपासह.

मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे हा विरोधाभास माझ्यासाठी गमतीचा विषय राहत नाही. तो मला एका प्रश्नाकडे नेतो, जो नीतीचा आहे पण नीतिशास्त्राच्या पेपरात येत नाही: समोरचा बोलतो आहे आणि मी ऐकतो आहे, लिहून घेतो आहे, तेव्हा मी त्याचं नेमकं काय देणं लागतो?

*

आधी शब्दांकडे पाहू. मराठीत ‘ऐकणं’ या क्रियापदाचे दोन अर्थ इतके एकमेकांत मिसळलेले आहेत, की ते दोन आहेत हे लक्षातच येत नाही. ‘गाणं ऐकतो’ मधलं ऐकणं कानाचं. ‘पोरगा आमचं ऐकत नाही’ मधलं ऐकणं आज्ञापालनाचं. त्या पोराच्या कानात काही दोष नसतो. त्याने शब्द न् शब्द ऐकलेला असतो, म्हणून तर तो उलट वागू शकतो. तरी आपण म्हणतो, ऐकत नाही. घरात, शाळेत, कचेरीत आपल्याला जे ऐकायला शिकवलं जातं ते बहुतेक वेळा हे दुसरं. ‘शहाणा मुलगा आहे, सगळ्यांचं ऐकतो.’

याच भाषेने आणखी एक क्रियापद देऊन ठेवलं आहे: ‘ऐकून घेणं’. ‘त्याचं जरा ऐकून तर घे’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचं मान्य कर असं म्हणत नसतो. उलट, तुला मान्य नसणार हे गृहीत धरूनच म्हणत असतो. त्याचं बोलणं शेवटापर्यंत जाऊ दे, ते तुझ्यापर्यंत पोचू दे, मग काय करायचं ते कर. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७मध्ये ज्याला ‘सक्रिय श्रवण’ असं नाव दिलं आणि जे आता व्यक्तिमत्त्वविकासाच्या शिबिरांत शिकवलं जातं, ते मला या ‘घेणं’मध्ये आधीच दिसतं.

तसंच ‘टिपणं’. टीपकागद टिपतो आणि पाखरूही टिपतं. टीपकागद समोर येईल ती शाई शोषून घेतो; त्याला निवड नाही, आणि त्याच्यावर उमटतात ती अक्षरं उलटी असतात. पाखरू दाणा बघतं, खडा सोडतं. वर्गात मुलं ‘टिपून घेतात’ तेव्हा या दोहोंपैकी काय चाललेलं असतं?

*

बहुतेक ठिकाणी टीपकागदाचं काम चालतं, हे सांगायला संशोधन लागत नाही. प्राध्यापक सांगतात, मुलं उतरवून घेतात. ‘स्वल्पविराम, पुढे लिहा.’ आता फळ्याचा फोटो काढला जातो, आधीच्या वर्षीच्या वहीचं झेरॉक्स मिळतं, पीडीएफ ग्रुपवर येते. पण वहीला हसण्याआधी ती कोणाची आहे ते पाहावं. आमच्याकडच्या अनेक मुलांच्या घरात छापील पुस्तक असं काही नसतं. वही हेच पुस्तक. रोवण्याच्या दिवसांत मूल बांधीत असतं, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्याला. जितके तास वर्गात मिळाले तितक्यात शब्दशः जे हाती लागेल ते घरी न्यायचं, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. घरी झाडीबोली. तिच्यात ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही. डोळ्याला डोरा म्हणतात, पाण्याला पानी. नदीपलीकडच्या काही मुलांची घरची भाषा गोंडी किंवा माडिया. त्या मुलासमोर मी ‘सार्वभौमत्वाची अविभाज्यता’ असं म्हणतो, तेव्हा ते त्याला एकाच वेळी दोनदा ऐकावं लागतं: एकदा आवाज म्हणून, एकदा अर्थ म्हणून. पहिल्यात वेळ गेला की दुसऱ्याला उरत नाही. मग आवाज उतरवून घेणं हाच शहाणपणा ठरतो. अर्थ परीक्षेच्या आधी बघू.

ऐकायची ताकद या मुलांमध्ये कमी आहे असं म्हणणाऱ्याने झाडीपट्टीचं नाटक पाहावं. धान निघालं की होळीपर्यंत गावोगाव मंडप पडतात, वडसा-देसाईगंजच्या कंपन्या फिरतात, आणि थंडीत रजई गुंडाळून बसलेली माणसं रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत ऐकतात. दुसऱ्या दिवशी त्यातले संवाद पारावर जसेच्या तसे म्हणून दाखवतात. कुणीही वहीत काही उतरवलेलं नसतं. तिथे त्यांना कळत असतं, पुढे काय होणार याची उत्कंठा असते, आणि आपण मूर्ख ठरू ही भीती नसते. या तीन गोष्टी वर्गात नसतील तर कान आपोआप बंद होतात आणि हात तेवढा चालू राहतो.

हात चालू राहणं आणि डोकं चालू राहणं यांतल्या फरकावर पाम म्यूलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा २०१४चा एक प्रयोग खूप गाजला. लॅपटॉपवर नोंदी घेणारे विद्यार्थी हाताने लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द उतरवतात आणि ते जास्त शब्दशः उतरवतात, पण समजुतीच्या प्रश्नांत मागे पडतात, असं त्यांना आढळलं. पुढे इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा हा फरक तितका ठाम राहिला नाही. मला स्वतःला त्याचं आश्चर्य वाटत नाही. पेन की कळफलक हा प्रश्न दुय्यम आहे. आमची मुलं पेननेच लिहितात, आणि पेननेही टीपकागद होता येतं.

*

श्रवण, मनन, निदिध्यासन ही तीन पायऱ्यांची मांडणी आपल्याकडे बृहदारण्यक उपनिषदातल्या याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादापासून चालत आली आहे. शिक्षणावरच्या भाषणांत ती हमखास उद्धृत होते. तिच्यात श्रवण पहिलं आहे हे खरंच, पण ते एकटं नाही. मननाशिवायचं श्रवण अपुरं मानलं आहे. वादाच्या परंपरेत याची एक कडक शिस्तही होती: आधी पूर्वपक्ष मांडायचा. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल अशा ताकदीने सांगायचं आणि मगच खंडन करायचं. रॉजर्सनेही पुढे हीच कसोटी सुचवली: आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं परत सांगून दाखवा. भांडणारी दोन माणसं हे करू लागली तर बरीच भांडणं तिथेच मऊ पडतात.

पण या परंपरेचा गौरव करताना तिच्या दारात कोण उभं होतं तेही सांगितलं पाहिजे. गौतमाच्या धर्मसूत्रात, वेद कानावर पडू देणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला धातू ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. ती किती वेळा अमलात आली हा इतिहासाचा प्रश्न. मला त्यातली कबुली महत्त्वाची वाटते: ऐकणं ही सत्ता आहे, म्हणून ते रोखायचं. ज्याला ऐकायची मुभा नाही त्याला फक्त ‘ऐकायला’ लावता येतं, म्हणजे आज्ञा पाळायला. ‘ऐकून घेणं’ आणि ‘ऐकणं’ यांतला फरक असा जातीनेही वाटून दिलेला होता.

म्हणूनच मराठी गद्याच्या आरंभीची गोष्ट मला मोलाची वाटते. तेराव्या शतकात चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठून, विचारून, आणि नागदेवाचार्यांशी पडताळून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. तेही मराठीत, कारण ज्यांच्यासाठी हे होतं त्या साध्या बायाबापड्यांना संस्कृत ऐकून काही कळणार नव्हतं आणि नागदेवांचा आग्रह त्यांच्या बाजूने होता. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. आठवणी जुळल्या नाहीत तिथे त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एखाद्या प्रसंगाबद्दल दुसऱ्याची आठवण वेगळी असेल तर ती त्याच्या नावासह शेजारी नोंदवलेली दिसते. एकच खरी ठरवून बाकीच्या पुसल्या नाहीत. श्रद्धेने भारलेल्या माणसांनी ही काटेकोर वागणूक ठेवली. गुरूबद्दल भक्ती होती म्हणूनच आपल्या स्मरणाबद्दल त्यांना संशय ठेवता आला, असं मी समजतो.

युरोपातही याला एक जोड आहे. आधुनिक भाषाविज्ञान ज्या पुस्तकापासून सुरू झालं असं मानतात ते फेर्दिनां द सोस्यूरचं पुस्तक सोस्यूरने लिहिलेलंच नाही. जिनिव्हात १९०७ ते १९११ या काळात त्याने तीन वेळा तो विषय शिकवला आणि १९१३मध्ये तो वारला. विद्यार्थ्यांच्या वह्या जमवून दोन सहकाऱ्यांनी १९१६मध्ये पुस्तक तयार केलं; ते दोघे स्वतः त्या व्याख्यानांना बसलेले नव्हते. त्यांनी विसंगती काढून एक सलग, ठाम सोस्यूर उभा केला. नंतर मूळ वह्या शेजारी शेजारी छापल्या गेल्या तेव्हा दिसला तो अधिक चाचपडणारा, अधिक शंका घेणारा शिक्षक. मागच्या बाकावर बसून कुणी निष्ठेने लिहिलं होतं म्हणून तो परत मिळाला. वर्गातली वही किती दूर जाते याचा अंदाज लिहिणाऱ्याला कधीच नसतो.

*

मराठीतलं याच प्रकारचं सर्वांत परिचित पुस्तक म्हणजे विनोबांची ‘गीता प्रवचने’. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचनं झाली आणि ती साने गुरुजींनी लिहून घेतली. या दोन माणसांचे स्वभाव किती वेगळे! गुरुजींचं स्वतःचं लेखन भावनेने ओथंबलेलं, डोळ्यांत पाणी उभं करणारं. विनोबा आटोपशीर, गणिती, दृष्टान्त देऊन लगेच पुढे जाणारे. पुस्तक उघडलं की ऐकू येतात ते विनोबा. गुरुजींच्या लेखणीला भरून यायची सवय होती, तरी तिने अठरा रविवार स्वतःला आवरलं. मला यात श्रवणाची नीती दिसते. समोरच्याच्या बोलण्यात आपला सूर मिसळायचा मोह गोड असतो, कारण तो प्रेमातूनच येतो.

महादेवभाईंचं काम याहून अवघड. १९१७च्या नोव्हेंबरपासून १९४२च्या ऑगस्टमध्ये आगाखान पॅलेसमध्ये प्राण जाईपर्यंत त्यांनी गांधीजींचं बोलणं टिपलं. ते लघुलेखन शिकलेले नव्हते. आणि त्यांचा वक्ता तर सांगत होता, की माझं मत उद्या बदलेल. अशा माणसाचं टिपण कसं घ्यायचं? लेखणीचा गुणच असा की ती धरून ठेवते, आणि हा माणूस म्हणतो मला धरून ठेवू नका.

महादेवभाईंच्या रोजनिशीत याचं उत्तर अगदी साधं आहे. ते म्हणजे तारीख. त्या दिवशी, त्या ठिकाणी, या लोकांसमोर हे बोलले. तारीख असली की वाक्य त्या दिवसाचं राहतं. तारीख काढली की ते कायमचं होतं, आणि कायमच्या वाक्यांचाच पुढे ‘वाद’ होतो. माझ्या लेखनात दोन जागी विसंगती दिसली तर नंतरचं धरा, असं गांधीजींनी १९३३मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिलं होतं. पण नंतरचं कोणतं हे कळायला आधीच्यावर तारीख लागते. वहीच्या कोपऱ्यात तारीख टाकणं ही शाळेतल्या बाईंनी लावलेली सवय आपण नीटनेटकेपणा समजतो. ती बोलणाऱ्याला बदलण्याची मुभा देण्याची रीत आहे, हे मला महादेवभाईंमुळे उमगलं.

*

यावरून मी वर्गात काय करायला सांगतो ते थोडक्यात सांगतो. त्यात माझं फारसं काही नाही. पानाची विभागणी कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांची आहे, पन्नासच्या दशकातली. पानावर एक उभी रेघ मारायची. उजवीकडच्या रुंद भागात बोलणाऱ्याचं. डावीकडच्या अरुंद भागात नंतर आपण काढलेले प्रश्न आणि खुणेचे शब्द. तळाशी चार ओळींत सार, तेही वही न पाहता, त्याच दिवशी. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतो हे एबिंगहाउसने १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, म्हणून ‘त्याच दिवशी’.

मी दोन गोष्टींचा आग्रह धरतो. पहिली, उभी रेघ ओलांडायची नाही. सर काय म्हणाले आणि मला काय वाटलं हे एकाच वाक्यात कालवायचं नाही. मला ते पटलं नसेल तरी उजवीकडे त्यांचं म्हणणं त्यांच्या ताकदीने आलं पाहिजे. माझा राग डावीकडे. दुसरी, कळलं नाही तिथे कळल्यासारखं लिहायचं नाही. ऐकू आला तसा शब्द लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. ही खूण अवघड जाते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला आपल्याला कळलं नाही याचा पुरावा स्वतःच्या अक्षरात ठेवायला लाज वाटते. पण प्रश्नचिन्ह नसलेली वही मला संशयास्पद वाटते, तारीख नसलेल्या वहीसारखी.

एका मुलीच्या वहीत डावीकडची सगळी पट्टी झाडीबोलीत लिहिलेली असायची. उजवीकडे ‘सत्तेचे विकेंद्रीकरण’; डावीकडे तिच्या गावच्या तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत आधी जातं आणि ते कोण ठरवतं, त्याच्या दोन ओळी. या भागात मालगुजारांच्या काळातले तलाव आहेत आणि पाणीवाटपाचे तंटेही. तिने माझं वाक्य जसंच्या तसं ठेवलं होतं आणि शेजारी त्याला उलटतपासणीला उभं केलं होतं. पाखराने दाणा टिपावा तसं ते टिपण होतं.

*

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. बोलणारा चुकीचं, खोटं, अपमानाचं बोलत असेल तर? ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या ऐकण्यातच गेल्या त्यांना आणखी ऐकून घ्यायला सांगणं हा अन्याय नाही का?

मला वाटतं, ऐकून घेणं म्हणजे संमती समजली तरच तो अन्याय होतो. साक्षीदार गुन्हा पाहतो, मान्य करत नाही. पण तो नीट पाहिला नसेल तर त्याची साक्ष टिकत नाही. माझ्या बोलण्यातली चूक ज्याला दाखवायची आहे त्याच्या वहीत माझं बोलणं सर्वांत अचूक असायला हवं. आंधळ्या भक्ताला गोळाबेरीज चालते. विरोधकाला ती परवडत नाही.

मात्र आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्यच करावा लागतो. ऐकणाऱ्याचं देणं बोलणाऱ्याच्या देण्यापासून तोडता येत नाही. जो न थांबता बोलतो, प्रश्नाला उद्धटपणा समजतो, मुलांच्या बोलीला हसतो, त्याला श्रवणाच्या नीतीवर बोलायचा हक्क नाही. शिक्षकाने थांबायला हवं, तेच दुसऱ्या शब्दांत सांगायला हवं, आणि तासात निदान एकदा स्वतः गप्प बसून मुलांचं लिहून घ्यायला हवं.

अशी दुहेरी व्यवस्था आमच्यापासून फार लांब नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. २००९मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं गाव म्हणून ते देशभर माहीत झालं. त्याच्या ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. बहुमताच्या सभेत एक्कावन्न माणसांना एकोणपन्नासांचं ऐकण्याची गरज उरत नाही. हात मोजले की काम झालं. सर्वसहमतीत एक माणूस जरी अडला तरी त्याचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसतं. वेळ लागतो. विषय पुढच्या सभेवर जातो. या गावाने त्यासोबत अभ्यासगटही चालवले, जिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं. ऐकणं आणि ठरवणं यांना त्यांनी दोन वेगळ्या जागा दिल्या. त्यामुळे अभ्यासगटात कुणाला हरायची भीती नाही. आमच्या वर्गात या दोन्ही गोष्टी एकाच पंचेचाळीस मिनिटांत कोंबलेल्या असतात आणि डोक्यावर परीक्षा.

परीक्षेपुढे मी फार काही करू शकत नाही. गांधीवादावर टीप लिहा म्हटलं की मुलांनी ती लिहायचीच, गुण घ्यायचेच. एवढंच सांगतो, की पहिल्या मुद्द्याआधी एक वाक्य घाला: १९३६मध्ये सावलीच्या अधिवेशनात गांधीजींनी हा शब्द नाकारला होता. बहुतेक जण घालतात. तपासणाऱ्याने त्याचं काय केलं ते उत्तरपत्रिका परत येत नाहीत म्हणून कळत नाही.

गेल्या वर्षी हा भाग शिकवून झाल्यावर एका मुलाने डावीकडच्या पट्टीत लिहिलं होतं: “मत उद्या बदलणारच असंल तं आज शिकाचा कायले?” वर्गात तो प्रश्न वाचून दाखवला, त्याची परवानगी घेऊन. उत्तरं बरीच आली. परीक्षेसाठी, असं एकाने सांगितलं आणि सगळे हसले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, की काल काय बोलला ते माहीतच नसेल तर आज बदलला हे आपल्याला कोण सांगणार. मग तो म्हणेल तेच त्याचं कालचं मत. तिला कोणी पुढारी डोळ्यांपुढे होता का, ते मी विचारलं नाही. ज्याचा प्रश्न होता तो थोडा वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने तिचं वाक्य उजवीकडे, माझ्या वाक्यांखाली लिहून घेतलं, पुढे तिचं नाव टाकलं, आणि आपलं प्रश्नचिन्ह न खोडता तसंच ठेवलं.